सरांची काळी तळी

आमचे भूगोलाचे सर जमिनीवर राहायचे ते निव्वळ नाइलाज म्हणून. एरवी त्यांचा मुक्काम विमानाच्या उंचीवर. बाकावर सरकायला सांगायचं तर "जरा ईशान्येला हो गं" म्हणत. कशेळ्याच्या बाजारात बटाटे घेताना तीव्र उताराचे वेगळे, मंद उताराचे वेगळे काढत. दुकानदार वैतागला की म्हणत, "अहो, खायला नाहीत, उद्या नववीला डोंगर दाखवायचाय!" मग वर्गात अर्धा बटाटा परातीत ठेवून थोडं थोडं पाणी ओतायचं आणि पाणी जिथवर चढेल तिथे शाईची रेघ ओढायची, की झाल्या समोच्च रेषा. आमची बोटं निळी व्हायची, पण नकाशातला डोंगर एकदम उठून उभा राहायचा.

त्यांचा खरा जीव होता विमानातून काढलेल्या, कोकणातल्या कुठल्याशा गावाच्या एका फोटोवर. सर सोलापूरकडचे, ज्वारीच्या मुलखातले. घरांजवळचे काळे चौकोन दाखवून ते दरवर्षी सांगत, "ही तळी." आणि आम्ही भातवाल्यांची पोरं मुकाट वहीत तळी लिहून घ्यायचो.

नववी संपत आली तशी बाबांनी माझी शाळा बंद करायचं ठरवलं. "नकाशे वाचून भात लावता येतो का गं?" मी रडत सरांना सांगितलं. सर त्याच संध्याकाळी आमच्या कडावच्या घरी आले आणि त्यांनी फोटोच बाबांपुढे ठेवला. "तुमची मुलगी हे वाचते. ही बघा तळी."

बाबांनी फोटो गोल फिरवून पाहिला. "तळी नाय सर ती. राब हाय. रोपासाठी आमी पाला, शेण टाकून जमीन भाजतो, ती काळी दिसते. शिमग्यानंतरचा फोटू हाय बगा. आन् राब वरच्या अंगाला, म्हंजी उतार ह्या बाजूला."

मी शरमेनं मान खाली घातली. आता कसली शाळा! सर एकदम बाबांचे दोन्ही हात धरून ओरडले, "आठ वर्षं चुकीचं शिकवलं की हो मी! उद्या वर्गावर या. हे तुम्हीच शिकवा."

धुतलेली टोपी घालून बाबा खरंच आले. सर शेवटच्या बाकावर बसून लिहून घेत होते, मध्येच हात वर करून शंका विचारत होते. अक्षरओळख नसलेले माझे बाबा तासभर फोटो वाचत राहिले.

घरी परतताना ते म्हणाले, "मला वाचता येतंय ते ठावंच नव्हतं गं. तू जा धाव्वीला."

सर जाऊन बरीच वर्षं झाली. मीही आता भूगोल शिकवते. वर्गात चुकले की मला अजून घाम फुटतो. त्यांना मात्र त्या दिवशी केवढा आनंद झाला होता! फार आठवण येते त्यांची.