भ्यालेल्या बाईचं दूध

दूध पावडरचा डबा उघडला की मला आमची पुरातली शाळा आठवते. आरमोरीकडच्या त्या शाळेत मी मास्तर होतो आणि अख्खं गाव वर्गांत राहायला आलं होतं. एका बाळंतिणीचा पदर दुधाने भिजत होता, पण सासू तिला ते मातीत पिळून टाकायला लावी. “पुराले भ्यालेल्या बाईचं दूध बाधते, भाऊ,” ती मला म्हणाली. तेवढ्यात मदतीच्या बोटीतून शहरातले पाहुणे पावडरचे डबे वाटायला आले. फोटो दोनदा काढावा लागला, कारण पहिल्यात पाहुण्यांचे डोळे मिटले होते. हातपंपाच्या गढूळ पाण्यात ती पावडर मीच कालवून दिली. बाळाला हगवण लागली, बोट परत गेली होती, दवाखान्याचा रस्ता पाण्याखाली होता, चौथ्या दिवशी ते गेलं. “माझं दूध चांगलं होतं का जी, मास्तर?” तिने विचारलं. खरं उत्तर ‘हो’ होतं. मी गप्प राहिलो, अजूनही गप्पच आहे.