नुसतं ‘मी’

आमच्या गल्लीतल्या अग्निशमन केंद्राला सरकारी अनुदानातून नवे अग्निरोधक पोशाख मिळाले. इतकी वर्षं ही माणसं साध्या खाकीत आगीत शिरायची. आता डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेली बघून बरं वाटलं.

केंद्रातल्या मोती कुत्र्याला मात्र ते पटेना. नवा पोशाख चढवून आलेल्या शिंद्यांवर तो जीव खाऊन भुंकत सुटला. शेवटी त्यांनी हेल्मेट काढलं.

“अरे वेड्या, मीच आहे!”

मोती लगेच त्यांच्या पायांत घोळू लागला. भाजीची पिशवी सावरत मी हसले.

आमचे हे होते तेव्हा दार वाजवलं की आतून “कोण?” यायचं आणि माझं नुसतं “मी” पुरायचं.

जिना चढले. कुलूप काढण्याआधी उगाच दार वाजवलं.