डाळिंबांचे नंबर मी बदलले

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही—बस्स.

तारनाक्याच्या आमच्या प्रयोगशाळेत कोल्ड स्टोरेजमधली डाळिंबं येतात. वरून लालबुंद, आत दाणे काळे—न कापता कळायचं कसं? आम्ही एक्स-रे काढतो. आणि ते फोटो वाचावेत तर आमच्या मॅडमनीच! नजर कधी चुकायची नाही. घराणं शहरातलं जुनं, पिढ्यान्पिढ्या सरकारी नोकरीतलं. मी अंबरपेठेतल्या बौद्ध घरातली, वडील नांदेडहून आलेले.

फोटो झाले की फळं कापून खात्री करायची आणि चांगली निघालेली सगळ्यांनी वाटून खायची, ही आमच्याकडची रीत. मी कापलेलं मॅडमनी कधी घेतलं नाही. "नको गं, उपास आहे." रोजचा कसला हो उपास? आणि डाळिंब उपासाला चालत नाही? मग स्वतःच्या सुरीनं दुसरं कापून खिडकीपाशी खात बसायच्या—माझ्यादेखत! अंगाची नुसती लाही व्हायची.

एकदा मोठे फळव्यापारी आमचं एक्स-रे यंत्र बघायला आले. मॅडमनी फोटो बघून सांगितलं, हे चांगलं, हे सडकं. फळं कापायच्या टेबलाकडे नेणारी मीच. वाटेत मी—हो, मीच—फळांवरच्या नंबरांच्या स्टिकरांची अदलाबदल केली. 'चांगलं' कापलं तर आत काळंकुट्ट. 'सडक्या'त टपोरे लाल दाणे. व्यापारी एकमेकांकडे बघून हसले आणि चहा न पिता निघून गेले.

मॅडमनी यंत्राला बोल लावला नाही. माझंच वाचन चुकलं, म्हणाल्या. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? नाही उघडलं. त्यांनी फोटो बघणंच सोडलं. आता ते मी बघते.

परवा कोठीच्या बाजारात चष्म्याच्या दुकानाबाहेर मॅडम भेटल्या. माझा हात धरला—पहिल्यांदाच. "वैशाली, खरं सांग गं. डॉक्टर म्हणतो डोळे ठीक आहेत. मग मला दिसलं कसं नाही?" रात्र रात्र झोप लागत नाही, म्हणाल्या.

एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "वयानं होतं मॅडम, चालायचंच."

त्यांचा चेहरा पार उतरला. मी घरी आले आणि पोटभर जेवले.