पाहुणे कलकत्त्याचे, मुक्काम मामीच्या हौदात

नाशिक म्हटलं की लोकांना रामकुंड आठवतं, मला आठवतात माशांचे डबे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. येवल्याजवळच्या आमच्या गावात मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. माझे रघुनाथमामा गावतळ्याच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. त्यांनी कलकत्त्याहून रोहूची पिल्लं मागवली होती. "इंग्रजी पावती वाचायला मास्तरीण पायजे," म्हणाले, आणि मी एका पायावर तयार झाले.

पहाटेची एसटी पकडली. निफाडच्या पुढे द्राक्षमळे लागले की खिडकी सोडू नका, एवढं माझं ऐका. नाशिकच्या द्वारका चौकात उतरून मिसळ खाल्ली, मामांनी तीनदा रस्सा मागून घेतला. तिथून सिटी बसने नाशिकरोड स्टेशन.

फलाटावर पत्र्याचे डबे, त्यात हवा भरलेल्या पिशव्या आणि बोटभर मासे. "बघ शोभे, कशी नाचत्यात," मामा खुशीत. तेवढ्यात मत्स्य खात्याचे साहेब आले.

"परराज्यातलं मत्स्यबीज आहे. थेट तळ्यात सोडू नका. आधी मिठाच्या पाण्यातून काढा, मग पंधरा दिवस वेगळ्या हौदात ठेवा. रोग आला तर तळ्यातले जुने मासेही जातील."

मामांचा चेहरा पडला. तळ्यात मोठे मासे विक्रीला आले होते, सोसायटीच्या बारा घरांचं वर्ष त्यांवर होतं. पण गावात बँड ठरला होता, बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या असणार होत्या.

"पाव्हण्याला वेशीवर थांबवू व्हय?" डबे घेऊन परतताना टेम्पोत मामा कुरकुरले. "लोकं तोंडात शेण घालतील माझ्या."

"मामा, पाहुणा आला की घरात घेण्याआधी आपण काय करतो?"

"पाय धुवायला पानी देतो."

निफाड आलं तेव्हा कुठे त्यांना उमगलं. मग असे हसले की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं.

वेशीवर त्यांनी जाहीर केलं, "पाव्हणे आधी पाय धुनार, तळ्यात पंधरा दिसांनी!" पण स्वच्छ हौद गावात एकच, मामीच्या नव्या न्हाणीचा. तीन वर्षं मागे लागून तिने तो बांधून घेतला होता.

"न्हायला पानी आडावरनं आनीन मी," मामी म्हणाली. "पन मासे मेले तर तुमची खैर नाय." बँड हौदापाशीच वाजला.

सहाव्या दिवशी पिल्लांच्या अंगावर कापसासारखं पांढरं दिसलं. आठवड्यात निम्मी गेली. मामा हौदाच्या काठावर बसून रडले. मग तळ्याकडे बघत म्हणाले, "समदी तिकडं सोडली असती तर?" मामी शेजारी बसली आणि मेलेली पिल्लं वेचू लागली.

उरलेली मिठाच्या पाण्याने सावरली आणि पंधराऐवजी चाळीस दिवसांनी, साहेबांनी बघून हो म्हटल्यावर, तळ्यात गेली. त्याआधीच तळ्यातले जुने मासे जाळ्यात आले होते, एकूण एक धडधाकट. बाराही घरांत रस्सा शिजला. मी तर दोन घरी जेवले.

त्यानंतर मी पुष्कळ हिंडले, पण इतकं हसवून-रडवून गेलेला प्रवास दुसरा नाही. पुढच्या वर्षी मामा पुन्हा नाशिकरोडला निघाले, तेव्हा मामी भरलेल्या हौदावर हात ठेवून म्हणाली, "जा, घेऊन या पाव्हणे. पाय धुवायचं पानी काढून ठेवलंय."