निघालो, पण पोचलो नाही

चार डोंबिवलीकर एका खोलीत बसून फ्रेंच शिकायला लागले की किस्से जमायला वेळ लागत नाही. व्याकरण मात्र जमता जमत नाही! आमच्या सोसायटीत मी क्लासला निघालो की कोणीतरी विचारायचंच, "या वयात फ्रेंच? कशाला?" मी आता उत्तर देणं सोडलंय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

पहिला धडा होता 'मागच्या सहलीचं वर्णन'. केमिकल कंपनीतल्या सावंतने इंग्रजीसारखं फ्रेंच 'जाणे'ला 'हॅव'चा फ्रेंच शब्द लावला. जोगळेकर मॅडम कडाडल्या, "इंग्रजी बाहेर चपलांपाशी ठेवून या! मराठीत म्हणा, 'मी गेलो आहे'. फ्रेंचमध्येही तसंच, 'आहे' लावायचं."

सावंत खूश. "म्हणजे मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे ते बरंच झालं की!"

मग बायकांची पाळी आली. बाई गेली असेल तर 'गेले'च्या फ्रेंच शब्दाच्या शेवटी एक जादा 'e' लिहायचा, पण उच्चारायचा नाही. मानपाड्याच्या म्हात्रे काकूंनी वहीतून मान वर केली. काकू बासष्ट वर्षांच्या, आमच्यात सगळ्यात मोठ्या.

"लिवायचा, पन बोलायचा नाय?"

"हो."

"मंग सुनेसारखाच की ओ!"

मॅडम पुढची पाच मिनिटं फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. खांदे हलत होते.

एकदा घडून संपलं त्याला एक भूतकाळ, आणि सारखं घडायचं त्याला दुसरा. सावंतने गोव्याचा अख्खा निबंध दुसऱ्या भूतकाळात लिहिला. आम्ही गोव्याला जायचो, पोहायचो, मासे खायचो.

"किती वेळा गेलात गोव्याला?" मॅडमनी विचारलं.

"एकदाही नाही. पण ठरवायचो दर वर्षी!"

काकूंचा मामला मात्र गमतीचा नव्हता. त्यांची लेक फ्रान्समध्ये, जावई तिथलाच. पाच वर्षांच्या नातीला मराठीचा एक शब्द येत नाही. व्हिडिओ कॉलवर आजी-नात एकमेकींना नुसत्या हात हलवतात. मुलगा म्हणाला, "आई, लोक हसतात. परीक्षेत नापास झालीस तर क्लास बंद."

काकू म्हणाल्या, "तू कोन रं बंद करनारा? तुला बोलायला कोनी शिकवला?"

तरी त्या धास्तावलेल्या होत्या, हे मला दिसत होतं. तोंडी परीक्षेला सहलच सांगायची होती. आम्ही सगळ्यांनी पॅरिसची सहल पाठ केली. वाक्यं मॅडमनीच दिली होती. काकू अडून बसल्या.

"मी पॅरिसला गेली नाय. खोटं कशाला बोलू?"

"काकू, मार्कांसाठी!" सावंत म्हणाला.

"नातीशी बोलायला शिकते मी. पयलंच वाक्य खोटं?"

मला त्यांचा राग आला, आणि अभिमानही वाटला.

परीक्षा घ्यायला मॅडमनी पाँडिचेरीहून एक फ्रेंच सर बोलावले होते. आम्ही मागच्या बाकांवर बसून ऐकत होतो. एकापाठोपाठ एक आम्ही सगळे पॅरिसला जाऊन आलो. सर जांभया देत होते.

मग काकू उठल्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला निघालेल्या. पनवेलला एसटी बंद पडली. रात्र स्टँडवर काढून दोघं घरी परत. पुढच्या वर्षी जाऊ, असं नवरा दर वर्षी म्हणायचा. दोन्ही भूतकाळ आपापल्या जागी! शेवटी काकू ठासून म्हणाल्या, "नू सॉम पार्ती. नू न सॉम पा आरिव्हे." आम्ही निघालो. आम्ही पोचलो नाही.

सर मोठ्याने हसले, कागदावर 'पास' लिहिलं आणि सहज विचारलं, "आणि तुमचे यजमान?"

"इल ए पार्ती," काकू म्हणाल्या. ते गेले.

सरांना वाटलं, कुठे बाहेरगावी गेले असतील. त्यांनी हसतच विचारलं, "कुठे?"

काकूंनी पदर नीट केला, सरांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "इल ए आरिव्हे."

ते पोचले.