बैलाच्या कानातलं आवतन

माझे यजमान तापट, आणि मीही काही गरीब गाय नव्हते. पण त्या संध्याकाळी मला त्यांची भीती वाटली.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा बैलजोडीही तोडली गेली. एक बैल आमच्याकडे आला, त्याचा जोडीदार कुडापलीकडे धाकट्या दिराकडे. आमच्या बैलानं तेव्हापासून वैरण खाणं टाकलं. बरगड्या दिसू लागल्या. भावानंच करणी केली, असं ह्यांच्या डोक्यात बसलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे लोणी-हळदीनं बैलाचे खांदे मळतात आणि त्याच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे आवतन द्यायचं ते धन्यानंच. ते ह्यांनी सकाळीच दिलं होतं. दिवस कलताना हे गोठ्यात गेले, तर दीर हळदीच्या हातांनी आमच्या बैलाच्या कानाशी पुटपुटत होता.

ह्यांनी काही विचारलंच नाही. बैलगाडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी, उपसली आणि त्याच्यावर घातली. दिराचा हात मोडल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. मी धावले तर त्याचं डोकं फुटलेलं आणि ह्यांच्या हातात आता कुऱ्हाड. केनवडहून सणाला आलेले दिराचे साळे, जावेचे भाऊ, काठ्या घेऊन कूड मोडत होते. मी कुऱ्हाडीचा दांडा धरला. ह्यांनी मला भिंतीवर आपटलं. तरी मी सोडला नाही. ह्यांच्या मनगटाला कडकडून चावले आणि किंचाळले, "अवो, तो काय सांगून राह्यला होता ते त आयका! मंग तोडा त्याले!"

"बोल!" हे गरजले.

दिराच्या डोळ्यांत रक्त जात होतं. "आवतन देऊन राह्यलो होतो, दादा. मायावाला बैलबी घास घेत नाई. म्हटलं, उद्या दोघायले एका जागी जेवू घालू. तुले कसा इचारू? तू मले दारात उभा करत नाई."

साळ्यांच्या उगारलेल्या काठ्या खाली झुकल्या. मी कुऱ्हाड ओढली, तर ह्यांची मूठ सुटलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी हे बैल घेऊन दिराच्या दारी गेले. दोन्ही बैलांनी एका सुपातून पुरणपोळी खाल्ली. दिराचा बांधलेला हात उचलेना, तेव्हा ह्यांनी त्याला घास भरवला. काल हात मोडायचा आणि आज घास भरवायचा, मला त्याचाही रागच आला.

"लई दुखते का?" ह्यांनी विचारलं.

दीर सांगू लागला. हाताचं थोडं, वाटणीपासूनचंच जास्त. ताट वाळून गेलं, तरी हे ऐकत बसले.