वन्संच्या गोगलगायी

चादरीचं एक टोक खुर्चीच्या पाठीला अडकवून मी एकटीच घडी घालत होते. निम्मी झाली असेल-नसेल, एवढ्यात वन्सं आल्या. एरवी त्या न सांगता दुसरं टोक धरतात. त्या सोमवारी मात्र चादरीसकट खुर्चीवरच बसल्या.

"वहिनी, पाच वर्षं पाण्यात गेली," म्हणाल्या.

मला वाटलं, गोगलगायींच्या बरण्या फुटल्या.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, वय त्रेचाळीस. विद्यापीठात शिकवतात. गोड्या पाण्यातले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलत जातात, हा त्यांचा विषय. मी ह्या घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला न्हाणीघराच्या दारात अडवलं होतं, "ती बादली नको घेऊ, त्यात बेडकांची पिल्लं आहेत." तेव्हापासून हे त्यांना पाणकोंबडी म्हणतात. पुढे गोगलगायींवर सात वर्षं घालवून डॉक्टर झाल्या. मग तीन गावांत वर्षावर्षाच्या नेमणुका, प्रत्येक गावी एक ट्रंक आणि एक सूक्ष्मदर्शक. गेली पाच वर्षं इथे, तीही वर्षावर्षाच्याच बोलीवर. त्यांना बघायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, "गोगलगायींचा उपयोग काय?" ह्या म्हणाल्या, "तुमचा काय आहे?" ते गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. मला त्या कपाचं वाईट वाटलं, गृहस्थांचं नाही.

त्यांचं काम मला समजलं ते असं. मासे गोगलगायी खातात. पाण्यात माशांचा वास आला की गोगलगायीची पिल्लं कवच जाड करतात. मासे खूप वर्षांपासून आहेत अशा तळ्यातल्या गोगलगायींच्या रक्तातच ही सवय उतरली आहे का, हा वन्संचा प्रश्न. त्यांनी तिथल्या गोगलगायी आणून सहा पिढ्या वाढवल्या. निम्म्या बरण्यांत माशांच्या टाकीतलं पाणी, निम्म्यांत साधं. साध्या पाण्यातल्या पिल्लांचीही कवचं जाड निघाली, म्हणजे सवय रक्तात उतरली. गेल्या वर्षी हे एका मोठ्या नियतकालिकात छापून आलं आणि त्याच जोरावर त्यांना कायमच्या जागेच्या मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखत येत्या गुरुवारी होती.

"मग बिघडलं कुठे?" मी विचारलं.

"कधीच मासे नव्हते अशा डबक्यातल्या गोगलगायी आणून साध्या पाण्यात ठेवल्या होत्या, नुसतं ताडून बघायला. त्यांची पिल्लं पातळ कवचाची हवी होती. ती पण जाड निघाली."

"म्हणजे?"

"म्हणजे साधं पाणी साधं नव्हतं. आज पाणी बदलताना हाताकडे लक्ष गेलं. आधी माशांचं पाणी ओतते, मग साधं. आणि दोन्हीला एकच ओगराळं."

ते लांब दांड्याचं ओगराळं माझ्याच स्वयंपाकघरातलं. विरजणाचा चमचा दुधात बुडवला तर काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. बादल्यांना वेगळी झाकणं, बरण्यांवर तारखा, सगळं चोख. ओगराळं तेवढं नुसतं झटकत राहिल्या, पाच वर्षं.

संध्याकाळी हे दुकान बंद करून आले. हे घड्याळजी, घाई ह्यांना माहीत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शुक्रवारी सांग. चार दिवसांत गोगलगायी पळून कुठे जाणार आहेत?"

"दादा, ते छापलेलं चूक आहे."

"कोणाला कळलंय?"

"मला."

"झाकली मूठ म्हणतात ती हीच, पाणकोंबडे. वीस वर्षं वणवण केलीस. दार उघडतंय तर आत जा, मग काय ते सांग."

"तू मागे पडणारं घड्याळ दुरुस्त झालं म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देशील?"

"गिऱ्हाईक कोण आहे त्यावर आहे."

"दादा."

"नाही देणार," हे म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. आतून आवाज आला, "गोगलगाय नि पोटात पाय, ती ही आमची."

मंगळवारी वन्संनी नियतकालिकाला पत्र लिहिलं, लेख मागे घ्या म्हणून. विभागप्रमुखांना फोन केला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. ह्या तीनदा "हो, कळतंय" म्हणाल्या आणि एकदा "नाही, आधीच सांगणार."

मी महिनाभर देवाजवळ तीच एक जागा मागत होते. बुधवारी सकाळी हात जोडले तर ते मागणं तोंडातून येईना. त्यांना झोप लागू दे, एवढंच म्हणाले.

गुरुवारी त्यांनी समितीला पहिल्या पाच मिनिटांतच सगळं सांगितलं. समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ओगराळं केवढं होतं ते विचारलं आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. शनिवारी निकाल लागला. जागा दुसऱ्याला मिळाली. वन्संना आणखी एक वर्षाची नेमणूक, तीच खोली, तीच माशांची टाकी.

त्या दिवशी त्या जेवल्या नीट. ह्यांनी त्यांच्या ताटात दोनदा वाढायला सांगितलं. रविवारी दहापर्यंत झोपल्या. उठून केस न विंचरताच स्वयंपाकघरात आल्या.

"वहिनी, तुझ्याकडे आणखी ओगराळी आहेत?"

"एकच होतं. ते तुम्ही नेलंत."

हसल्या, आठवड्यात पहिल्यांदाच. मग ओट्याशी उभ्या राहून जुन्या पाकिटाच्या मागे बरण्यांची मांडणी काढत राहिल्या. ह्या खेपेला माशांचं पाणी एका खोलीत, साधं दुसऱ्या खोलीत. सहा पिढ्या पुन्हा पहिल्यापासून. नेमणूक एकाच वर्षाची आहे, हे मी बोलले नाही. त्यांना ते माझ्याआधी ठाऊक होतं.

उद्या सकाळी सातच्या बसने त्या झाकणाच्या दोन बादल्या घेऊन तळ्यावर जाणार आहेत, दोनशे गोगलगायी आणायला.